शेजारणीची डुप्लिकेट किल्ली

नव्वदच्या दशकात मी काही वर्षं नवऱ्यांची मोजदाद करायचे. म्हणजे ते बायकांशी कसे वागतात, त्याची. दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत ही नोकरी मला मिळाली ती विद्वत्तेच्या जोरावर नव्हे. करोल बागेत वाढल्यामुळे माझं हिंदी गल्लीतलं होतं आणि चहा पुढे येईपर्यंत मी कोणाच्याही घरात बसून राहू शकत असे. हे दोन गुण आमच्या सरांनी मुलाखतीतच हेरले. बाकीचं शिकवून घेऊ म्हणाले.

यमुनेपलीकडे तेव्हा नवेनवे सेक्टर वसत होते. अलीकडे फ्लॉवरची शेतं, पलीकडे सहा मजली इमारती, आणि प्रत्येक गच्चीवर डिशची छत्री. तिथे घरोघर जाऊन लग्न झालेल्या बाईला प्रश्न विचारायचे, हे आमचं काम. नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेचे आम्ही तीन भाग केले होते: मारहाण, बिछान्यातली जबरदस्ती आणि मानसिक छळ. प्रत्येकाखाली बारीकसारीक प्रश्न, 'हो' म्हटलं की पुढच्या चौकोनात खूण. 'नवरा मारतो का' असं विचारलं की सगळ्या 'नाही' म्हणतात. पण थप्पड? ढकलणं? केस धरणं? असं एकेक विचारत गेलं की बाई जरा थांबते आणि म्हणते, "थप्पड तो... वो तो गुस्से में." हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि ते घरोघर खरं निघत होतं. सुरुवातीला मी घरी येऊन रडायचे. मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर मला स्वतःविषयी भलताच आदर वाटायला लागला.

कोणाच्या लग्नाला गेले तरी पंगतीतल्या जोडप्यांकडे बघून मी मनातल्या मनात खुणा करायचे. आमचे हे विचारायचे, "माझं काय निघालं?"

"अभ्यास चालू आहे," मी म्हणायचे. त्यावर ते निमूटपणे स्वतःचं ताट स्वतः उचलायचे, हा नोकरीचा एक फायदाच.

कामाचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे बाई एकटी हवी. मध्येच सासू किंवा नवरा आला तर चेहऱ्यावर काही न दाखवता विषय बदलायचा, आणि त्यासाठी प्रत्येकीने आपापला एक निरुपद्रवी विषय पाठ करून ठेवायचा. मी तूप निवडलं होतं. "घी कौन सा आता है आपके यहाँ? डिब्बे का या घर का?" हे विचारलं की उत्तर भारतातली कुठलीही सासू मांडी घालून बसते. म्हशीचं, गाईचं, जाटांच्या गावचं, हलवायाचं भेसळीचं. मारहाणीच्या प्रश्नांची उत्तरं मला निम्मीच मिळाली असतील, पण त्या पट्ट्यातल्या तुपाबद्दल माझ्याइतकं कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

आम्ही स्वतः अशाच एका सेक्टरात नवा फ्लॅट घेऊन राहायला गेलो होतो. इमारत अर्धी रिकामी, लिफ्टची नुसती पोकळी, मागची भिंत अजून बांधायची होती. माझा जन्म करोल बागेतल्या त्या घरांमधला, जिथे दिवसभर दार उघडंच असायचं आणि कोण आत आलं हे वासावरून कळायचं. इथे जिन्यात स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. म्हणून समोरच्या फ्लॅटमध्ये मराठी कुटुंब आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की पहिल्याच दिवशी मी पोह्यांचं पातेलं घेऊन गेले.

नवरा साताऱ्याकडचा, फ्रिज विकणाऱ्या एका नव्या विलायती कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. टाय, ब्रीफकेस, पांढरी मारुती. बायको कराडची, माझ्यापेक्षा बरीच लहान, लग्नाआधी बालवाडीत शिकवत असलेली. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच शाळेत जायला लागली, एकाच बसने. तो मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊजी. ती मला ताई म्हणायची.

महिनाभरात भाऊजी एका रविवारी आमच्याकडे आले आणि त्यांनी माझ्या हातात एक किल्ली ठेवली.

"वहिनी, वरच्या मजल्यावर मजूर काम करतात, दिवसभर कोण येतं कोण जातं पत्ता नाही. मी सकाळी लोखंडी जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावून जातो. ही डुप्लिकेट तुमच्याकडे राहू दे. पोरगी दुपारी बसने येते, तिला तेवढं आत सोडत जा. आणि परत कुलूप घालायला विसरू नका हं. परक्यांवर काय भरवसा ठेवायचा? तुम्ही आपली माणसं."

आपली माणसं! मी अक्षरशः फुगले. दिल्लीत जन्मलेल्या मराठी माणसाला सातारकराने आपलं म्हणावं ह्यासाठी आम्ही काहीही करू शकतो. मी ती किल्ली स्वयंपाकघरात, गॅसच्या लायटरशेजारच्या हुकावर टांगली आणि ह्यांना म्हटलं, "बघा, किती काळजी घेतो बायकोची. नाहीतर तुम्ही."

बायकांना प्रश्न विचारायची वेळ म्हणजे नवरे ऑफिसला गेल्यानंतरची, तेव्हा दुपारपर्यंत माझं काम आटोपायचं. बसस्टॉपवर दोन्ही पोरींना घ्यायचं, जिना चढायचा, समोरचं कुलूप काढायचं, तिची पोरगी आत सोडायची. बरेचदा मीही आत जायचे, ती ताक द्यायची, आम्ही गप्पा मारायचो. निघताना मी कुलूप खटकन दाबायचे आणि ओढून बघायचे. माझ्या दृष्टीने हा शेजारधर्म होता. सकाळभर सेक्टर पालथे घालून स्त्रियांवरच्या अन्यायाची मोजणी करून आल्यावर हे एक प्रसन्न काम मी न चुकता करत होते.

तिच्या बाल्कनीतून समोर एक नर्सरी शाळा बांधली जाताना दिसायची. भिंतीवर बदकं रंगवली गेली त्या दिवशी तिने मला विचारलं, "ताई, त्यांना बाई लागत असतील का?" अर्ज तिने लिहिला, शाळेत नेऊन मी दिला. उत्तर माझ्या फोनवर आलं: येत्या बुधवारी सकाळी येऊन मुलांसमोर एक तास घेऊन दाखवा. मी ते तिला सांगितलं तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले. मग हात सोडले आणि म्हणाली, "पण हे नाही म्हणतील."

"मी बोलते भाऊजींशी," मी म्हटलं. समजूत घालणं हा माझा पेशाच होता ना.

बोलले. भाऊजींनी स्वतः कॉफी केली, ती त्यांच्या नव्या मशीनमधली. म्हणाले, नोकरीची गरज आहे का? एरिया बघितलात ना? उद्या काही झालं तर तिच्या आईवडलांना मी काय तोंड दाखवू? आवाज कुठे चढला नाही, कपाळाला आठी नाही. कॉफी संपेपर्यंत त्यांचं म्हणणं मला पटलेलं होतं. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं की माणूस मोठा समंजस आहे. हे हुकावरच्या किल्लीकडे बघत राहिले. मला वाटलं लायटर शोधताहेत.

त्याच आठवड्यात सरांनी सांगितलं की प्रश्नावली मराठीतही करून बघू, कोणा मराठी बाईवर आजमावून या. मराठी बाई समोरच होती, एकटीही होती, आणि कुठे जाण्याची शक्यता नव्हती. ह्या तिसऱ्या सोयीचंही मला त्या वेळी कौतुक वाटलं. दुपारी पोरींना टीव्हीसमोर बसवून मी तिला सगळे प्रश्न विचारले.

थप्पड? नाही. ढकलणं? नाही. शिवी? "कधीच नाही, ताई." चारचौघांत अपमान? "छे, चारचौघांत तर फार छान बोलतात." जबरदस्ती? तिने मान हलवली, नाही. धमकी? नाही. शेवटी मी माझ्याच पदरचा एक प्रश्न घातला, मैत्रिणींना भेटायला मनाई करतात का?

"नाही बाई," ती ताकाचं भांडं विसळत म्हणाली. "ज्यांनी भेटायला यावं असं ह्यांना वाटतं, त्यांना किल्लीच दिलीय."

मी खळखळून हसले. ती हसली नाही, पण मी माझ्याच नादात होते. तिन्ही भागांत मिळून एकही खूण नव्हती. इतका स्वच्छ कागद मी आजवर पाहिला नव्हता. निघताना नेहमीप्रमाणे कुलूप लावलं, ओढून बघितलं.

शनिवारी ऑफिसात आमची बैठक असायची. सगळ्यांचे थकलेले, काळवंडलेले अनुभव ऐकून झाल्यावर मी म्हटलं, एक चांगलं उदाहरण सांगते, मन जरा हलकं होईल. आणि भाऊजींची गोष्ट रंगवून सांगितली. प्रेमळ नवरा, एकही खूण नाही, आणि काळजी तर इतकी की बायको एकटी असते म्हणून बाहेरून कुलूप लावून जातो. किल्लीचा विनोदही सांगितला.

सरांनी चष्मा काढला. आकड्यांचा माणूस, त्यांना प्रत्येक गोष्ट नेमकी लागायची.

"एक मिनट. लॉक रोज़ लगता है?"

"जी सर, रोज़."

"कौन लगाता है?"

"सुबह पति."

"और दोपहर को, बच्ची के आने के बाद?"

तोंडातून उत्तर बाहेर पडलं तेव्हा कुठे ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. "दोपहर को मैं, सर."

सरांनी कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. मग खरोखरच्या अडचणीत पडल्यासारखे म्हणाले, "हमारे सारे सवाल तो 'पति ने किया' के हैं. आपको किस कॉलम में लिखें?"

ते टोमणा मारत नव्हते, हे सगळ्यात वाईट. कोणी हसलं नाही. मीच हसले, एकटी, आणि ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं. घरी येताना ब्लूलाइन बसमध्ये मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी उभी राहिले. लाज वाटत होती. त्याला दुसरा शास्त्रीय शब्द मला सापडला नाही.

सोमवारी दुपारी पोरीला आत सोडलं आणि मी मोठ्या बाणेदारपणे कुलूप कडीत नुसतं अडकवून ठेवलं. उघडं. दोन पावलं गेले असेन, तर मागून खटकन आवाज आला. तिने जाळीतून हात बाहेर काढून स्वतःच ते दाबलं होतं.

"वेड लागलं का ताई? गार्ड फेरी मारतो, कुलूप ओढून बघतो. संध्याकाळी हे त्याला विचारतात."

मग मी जाळीबाहेर उभी राहून तिला एक व्याख्यान दिलं. कायदा काय सांगतो, महिलांच्या मदतीची केंद्रं कुठे आहेत, वकीलबाई माझ्या ओळखीच्या आहेत, आमच्या संस्थेची पुस्तिका आहे, हिंदीत आहे पण सोपी आहे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुलांच्या बाईला रडक्या पोरांची सवय असते.

"ताई, ते सगळं राहू दे. मला बुधवारी शाळेत जायचंय. तेवढं जमवता का?"

तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. दोन गोष्टी लागत होत्या. कुलूप लागलेलं दिसलं पाहिजे, आणि भाऊजींचा सकाळी फोन येतो तो कोणीतरी उचलला पाहिजे. म्हणजे आत कोणीतरी असलं पाहिजे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं, पण जिन्यात दुसरं कोणी नव्हतं.

बुधवारी सकाळी भाऊजींची मारुती फाटकाबाहेर पडली तशी मी किल्ली घेऊन गेले. तिने इस्त्रीची फिकट निळी साडी नेसली होती आणि पिशवीत कागदाच्या बाहुल्या भरल्या होत्या. मी आत, ती बाहेर. तिने कुलूप लावलं, ओढून बघितलं (अगदी माझ्यासारखं), किल्ली पिशवीत टाकली आणि मागच्या न बांधलेल्या भिंतीच्या वाटेने निघून गेली.

सुरुवातीला मजा वाटली. मी मासिक चाळलं, चहा केला. मग गार्डच्या बुटांचा आवाज जिन्यात आला म्हणून मी लाकडी दार लोटून त्याच्यामागे उभी राहिले. त्याने कुलूप ओढलं. बाहेरून तो आवाज मी रोज ऐकत होते. आतून तो फार मोठा येतो. छातीत येतो.

तो गेल्यावर मी दार उघडलं आणि जाळीशी उभी राहिले. समोर माझंच घर होतं. माझं दार, माझी पाटी, माझं तोरण. इतके महिने ती इथे उभी राहून हेच बघत असणार: मी कडक इस्त्रीची साडी नेसून, फायली काखेत मारून, अन्याय मोजायला निघालेय. तेवढ्यात माझ्या घरातला फोन वाजायला लागला. चार पावलांवर. आई आजारी होती, तिचा असेल असं वाटून मी खरोखरच कोपरापर्यंत हात जाळीतून बाहेर काढला. फोन वाजून वाजून थांबला. मी हात आत घेतला आणि त्या परक्या घराच्या फरशीवर खाली बसले. मला रडू आलं. सुरुवातीच्या त्या महिन्यांनंतर पहिल्यांदाच.

मग त्या घरातला फोन वाजला. भाऊजी होते.

"वहिनी? तुम्ही तिथे कशा?"

"आले होते जरा गप्पा मारायला. ती आंघोळीला गेलीय."

"आत्ता?"

"पाणी आत्ता आलं, भाऊजी. टँकर उशिरा आला."

"कुलूप?"

"लागलंय की."

"बाहेरून?"

"बाहेरूनच." इतकं खरं उत्तर मी आयुष्यात कोणाला दिलं नसेल.

"बरं. ती बाहेर येईपर्यंत थांबतो मी. बोलायचंय."

अशा वेळी काय करायचं ह्याचं प्रशिक्षण मला सरकारी अनुदानातून मिळालेलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, कधीचं विचारायचं होतं. तुमच्याकडे तूप कुठलं हो? इथलं मेलं रवाळ म्हणून नसतं."

विलायती कंपनीतला तो टायवाला माणूस लगेच खुलला. आणि मग सुरू झाला. गावाकडची म्हैस, आईचं कढवणं, विड्याचं पान टाकायचं कधी आणि का, दिल्लीवाल्यांना तुपातलं काय कळतं. मी हुंकार देत राहिले. वाईट ह्याचं वाटलं की तो चांगलं बोलत होता. शेवटी त्याच्या साहेबाने त्याला हाक मारली. "तिला सांगा, सहज केला होता," म्हणून त्याने फोन ठेवला.

ती परत आली तेव्हा तिचे केस जरा सुटले होते आणि बोटांना खडू लागला होता. जाळीपाशी आली, पण कुलूप काढेना. जिन्याच्या पायरीवर बसली. पदरातून भाजलेल्या शेंगांची पुडी काढली आणि जाळीतून मूठभर माझ्या हातावर ठेवल्या.

"झालं?" मी विचारलं.

"सोमवारपासून या म्हणाल्या."

"अगं मग उघड ना! काढ मला बाहेर!"

"थांबा की ताई जरा," ती शेंग फोडत म्हणाली. "मला एवढ्यात आत यायचं नाहीय."

म्हणून आम्ही तशाच बसलो, ती बाहेर, मी आत, मध्ये शेंगांची टरफलं. नंतर तिने पिशवीतून एक कोरी करकरीत किल्ली काढली. बाजारातल्या किल्लीवाल्याकडून येतायेता करून आणली होती. त्याच किल्लीने तिने कुलूप उघडलं आणि जुनी मला परत दिली. ती मी नेहमीच्या हुकावर टांगली.

नोकरीचं तिने भाऊजींना रविवारी सांगितलं, आमच्या बैठकीच्या खोलीत, आमच्या दोघांसमोर, कांदाभज्यांच्या बशीवरून. "मी उद्यापासून शाळेत जातेय. किल्ली आहे माझ्याकडे." भाऊजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी खाली भज्यांकडे पाहिलं. मग आमचे हे, जे कधी कोणाच्या संसारात बोलत नाहीत, म्हणाले, "शाळा चांगली आहे हो. मी पाहून आलोय." भाऊजी उठून गेले. त्यांनी तिच्यावर हात उगारला नाही. कित्येक आठवडे तिच्याशी आणि आमच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. अबोल्याला आमच्या फॉर्ममध्ये चौकोन होता. लग्नाच्या इतक्या वर्षांत एकही खूण न मिळालेल्या माणसाच्या नावावर आता एक लागली असती, तीही कुलूप सुटल्यावर. मोजणीचं हे असं असतं. ती मात्र रोज सकाळी पिशवी घेऊन जायची. आता मी ते पाहायचे, माझ्या दारातून.

सरांनी नवा प्रश्न घालायचं मान्य केलं. मी मोठा मसुदा केला होता, पतीने किंवा पतीच्या सांगण्यावरून अन्य कोणी, वगैरे. 'अन्य कोणी' लिहिताना हात थांबत होता. तिला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "इतकं कशाला, ताई? घराची किल्ली तुमच्याजवळ असते का, एवढंच विचारा. बायांना कळेल."

तेच ठेवलं. आजमावून बघायला पुन्हा तिच्याचकडे गेले. ती मुलांसाठी पुठ्ठ्याचं घर कापत बसली होती. मी पेन उघडून, गळा साफ करून, अधिकृत आवाजात विचारलं, "तुमच्या घराची किल्ली तुमच्याजवळ असते का?"

"एक माझ्याजवळ आहे," ती म्हणाली. "एक ह्यांच्याजवळ." मग कात्री खाली ठेवून तिने हात पुढे केला. "आणि एक तुमच्या हुकावर आहे, ताई. ती आणून द्या."

मी पेन मिटलं, समोर माझ्या घरी गेले आणि किल्ली काढून आणली.